सर्ट्रालीन मिळेनासे झाले आणि घरात नऊच गोळ्या उरल्या

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आपल्या ६७ वर्षांच्या आईंना नैराश्यासाठी गेली अडीच वर्षे सर्ट्रालीन १०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज सकाळी चालू आहे. रक्तदाबासाठी त्या टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची एकत्रित गोळी घेतात. गेले दोन आठवडे गावातील एकाही मेडिकलमध्ये सर्ट्रालीनची गोळी मिळत नाही, ‘वरूनच माल येत नाही’ एवढेच उत्तर मिळते आणि घरात नऊ गोळ्या शिल्लक आहेत. एका दुकानदाराने ‘ही घ्या, काम एकच आहे’ म्हणून वेगळीच पट्टी पुढे केली. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या धाकट्या भावाने २०२० मध्ये तिकडेही हेच औषध मिळत नव्हते असे सांगितल्यामुळे घरातली काळजी आणखी वाढली आहे. उरलेल्या गोळ्या एक दिवसाआड देऊन पुरवाव्यात का, असे आपण विचारले आहे.

एक दिवसाआड देऊ नका. त्याचे कारण पुढे सविस्तर सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट मनावर घ्या. नऊ गोळ्या म्हणजे नऊ दिवस आहेत, आणि एवढ्या अवधीत हा प्रश्न सुटू शकतो, मात्र त्याची सुरुवात आज व्हायला हवी. गेल्या सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये औषध मिळत नाही म्हणून बिघडलेले जे रुग्ण मी पाहिले, त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत खरे नुकसान टंचाईने झाले नव्हते. शेवटची गोळी संपेपर्यंत घरच्यांनी डॉक्टरांना काही कळवले नाही, किंवा परस्पर भलतीच गोळी सुरू केली, म्हणून ते झाले होते.

आपल्या भावाचे म्हणणे खरे आहे. सर्ट्रालीनला अमेरिकेत झोलॉफ्ट या नावाने १९९१ मध्ये मान्यता मिळाली, २००६ मध्ये त्याचे पेटंट संपले आणि तेव्हापासून ते अनेक कंपन्या बनवत असलेले स्वस्त जेनेरिक औषध झाले. २०२० च्या वसंतात कोरोनाच्या धास्तीने तिथे या औषधाची मागणी एकदम वाढली, त्याच वेळी पुरवठ्याची साखळी विस्कळीत झाली आणि मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सर्ट्रालीनचे नाव टंचाईच्या यादीत घातले. इतके प्रचलित औषध संपू शकते याचे अनेकांना आश्चर्य वाटले. पण जे औषध स्वस्त असते त्यात नफा थोडा असतो, नफा थोडा असला की कच्चे औषध बनवणारे कारखाने मोजकेच उरतात, आणि त्यांतील एखादा अडखळला की गोळ्या बनवणाऱ्या अनेक कंपन्या एकाच वेळी अडचणीत येतात. आपल्याकडेही गोळ्या भारतात बनत असल्या तरी कच्च्या औषधांचा मोठा हिस्सा चीनमधून येतो, त्यामुळे तिकडच्या अडचणीची झळ काही आठवड्यांनी आपल्या तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचू शकते.

तरीही आपल्याकडच्या आणि तिकडच्या टंचाईत एक महत्त्वाचा फरक आहे, आणि तो आपल्या उपयोगाचा आहे. आपल्याकडे ‘औषध मिळत नाही’ या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘चिठ्ठीवर लिहिलेला ब्रँड, लिहिलेल्या मात्रेत, या दुकानात नाही’ एवढाच असतो. तालुक्याच्या गावातील मेडिकलवाला मानसोपचाराची औषधे थोडीच ठेवतो, कारण त्यांचे गिऱ्हाईक ठरावीक असते आणि मुदत संपलेला माल परत करताना त्याला त्रास होतो. शिवाय तो एकदोन स्टॉकिस्टांवरच अवलंबून असतो, आणि त्या स्टॉकिस्टाकडे एखाद्या कंपनीचा माल आला नाही तर त्याच्या दृष्टीने ते औषध बाजारातच नसते. प्रत्यक्षात तेच सर्ट्रालीन दुसऱ्या कंपनीच्या नावाने जिल्ह्याच्या गावी पडून असू शकते. म्हणून दुकानात ब्रँडचे नाव न सांगता ‘सर्ट्रालीन, कोणत्याही चांगल्या कंपनीचे, आहे का’ असे विचारा. दुसरा प्रश्न मात्रेचा विचारा. १०० ची गोळी नसेल तर ५० ची आहे का? ५० च्या दोन गोळ्या म्हणजे १०० च होतात, आणि अडचणीच्या वेळी २५ च्या चार गोळ्याही चालतात. हा साधा हिशेब न सुचल्यामुळे औषध दुकानात असूनही रिकाम्या हाताने परत गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

इथे दुकानदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. नैराश्यावरची ही औषधे शेड्यूल एच मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत मोडतात, आणि या वर्गातील औषधाच्या चिठ्ठीवर जे लिहिले आहे त्याऐवजी दुसरी तयार गोळी, मग तिच्यात तेच सॉल्ट, म्हणजे तेच मूळ औषध असले तरी, स्वतःच्या मर्जीने देण्याची मुभा कायदा दुकानदाराला देत नाही. म्हणून कंपनी किंवा मात्रा बदलायची असेल तर डॉक्टरांची नवी चिठ्ठी घ्यावी, आणि तिच्यावर सर्ट्रालीन हे मूळ नाव ठळक लिहून मागावे. त्यासाठी कोल्हापूरला खेप घालण्याची गरज नसते. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरसंवादाने वैद्यकीय सल्ला देण्याची नियमावली जाहीर केली, आणि ज्या रुग्णाला डॉक्टर आधीपासून ओळखतात त्याच्या चालू औषधाची चिठ्ठी फोनवर बोलून, सही आणि नोंदणी क्रमांकासह पाठवणे तिच्यात बसते. आईंचे शेवटचे कागद, रक्तदाबाच्या गोळीचे नाव आणि उरलेल्या गोळ्यांची संख्या हाताशी ठेवून डॉक्टरांच्या दवाखान्यात आजच फोन करा.

आता त्या दुकानदाराने पुढे केलेल्या पट्टीविषयी. या एका बाबतीत मी सगळ्यांत आग्रही आहे, आणि त्यामागे एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त एसटी चालक आपल्या पत्नीला घेऊन माझ्याकडे आले. तिला एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचे दुसरे औषध १० मिलिग्रॅम चालू होते, गावात ते मिळाले नाही आणि कोणीतरी ‘तेच आहे’ म्हणून दुसरी पट्टी दिली. तीन आठवड्यांत बाईंची चाल बदलली होती. बोलणे जड झाले होते, भाकरी थापता थापता डुलकी लागत होती, आणि पहाटे न्हाणीघरात पडून त्यांचे मनगट मुरगळले होते. घरच्यांचा समज नैराश्य परत आले असा होता. मी पट्टी मागितली. पुढच्या बाजूला ब्रँडचे परिचित नाव होते आणि त्याच्या शेवटी बारीक अक्षरात ‘प्लस’ लिहिले होते. चंदेरी कागदाची मागची बाजू खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा दोन ओळी वाचता आल्या, एक एस्सिटालोप्रामची आणि तिच्याखाली क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम अशी. म्हणजे नैराश्याच्या औषधाबरोबर रोज एक झोपेची गुंगी आणणारे औषध त्यांच्या पोटात जात होते, आणि ते इतके दिवस गेल्यामुळे तेही एकदम बंद न करता बेताबेताने उतरवावे लागले.

अशा जोडगोळ्या आपल्या बाजारात भरपूर आहेत. त्यामुळे हातात आलेल्या प्रत्येक नव्या पट्टीची मागची बाजू वाचण्याची सवय लावून घ्या. तिथे सर्ट्रालीन हे एकच नाव असले पाहिजे, मात्रा जुळली पाहिजे आणि दुसऱ्या औषधाची ओळ नसावी. अक्षरे इंग्रजीत आणि बारीक असतात. आईंना ती वाचता येत नसतील तर पट्टीचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा आणि उत्तर आल्यावरच गोळी सुरू करा.

एक दिवसाआड गोळी का देऊ नये ते आता सांगतो. शरीरातील सर्ट्रालीन निम्मे होण्यास साधारण २६ तास लागतात. म्हणजे आज सकाळी गोळी घेतली तर उद्या सकाळी तिचा निम्म्याहून थोडा अधिक भाग शिल्लक असतो, तेवढ्यात दुसरी गोळी पडते आणि रक्तातील पातळी स्थिर राहते. मधला दिवस गाळला तर परवा सकाळपर्यंत पाव भागाच्या आसपासच उरतो. मेंदूला एक दिवस भरपूर आणि एक दिवस तुटपुंजे असा हेलकावा बसतो, आणि औषध पुरवण्याच्या नादात माणसाला रोज थोडा थोडा औषध तुटल्याचा त्रास होऊ लागतो. गोळ्या पुरवणेच भाग असेल तर अर्धी गोळी रोज घेणे अधिक बरे. १०० च्या गोळीवर बहुधा मध्ये खाच असते, तिथून ती सरळ मोडता येते. अर्धा तुकडा कडवट लागतो आणि जिभेवर थोडा बधिरपणा येऊ शकतो, म्हणून तो लगेच पाण्याबरोबर गिळावा. आपल्या नऊ गोळ्या अशा रीतीने अठरा दिवस पुरतील. मात्र हे डॉक्टरांना सांगून, काही दिवसांच्या सोयीपुरते करायचे आहे. ५० मिलिग्रॅम ही आईंची नवी मात्रा झाली असे समजून स्वस्थ बसू नये, कारण ज्या मात्रेवर त्या बऱ्या झाल्या ती मात्रा १०० ची आहे.

नैराश्यावरची सर्वच औषधे अशी सारखी वागत नाहीत. फ्लुऑक्सेटिन शरीरात कित्येक दिवस टिकते, त्यामुळे त्याची एखादी गोळी चुकली तरी फारसे कळत नाही. याउलट पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन लवकर उतरतात, आणि त्यांचे एकदोन दिवस चुकले तरी काही जणांना लगेच त्रास होतो. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या तर तोडायच्या किंवा कुटायच्याच नसतात.

औषध अचानक तुटले तर सर्ट्रालीनच्या बाबतीत साधारण दोन ते चार दिवसांत त्रास सुरू होतो. घेरी येते, मळमळते, झोप मोडते, चित्रविचित्र स्वप्ने पडतात, चिडचिड आणि रडू येते. ‘मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा होतो’ हे वर्णन तर इतक्या रुग्णांनी जवळजवळ याच शब्दांत केले आहे की ते ऐकताच मी गोळी चुकली का, हा प्रश्न आधी विचारतो. हा त्रास म्हणजे व्यसन नव्हे, कारण या औषधाची ओढ लागत नाही आणि मात्रा वाढवत नेण्याची इच्छाही होत नाही. मेंदूने ज्याच्याशी जुळवून घेतले होते ते एकदम काढून घेतल्याची ती प्रतिक्रिया असते. बहुतेकांमध्ये ती एकदोन आठवड्यांत ओसरते, काहींना जास्त काळ त्रास होतो, आणि औषध पुन्हा सुरू केले की सहसा एकदोन दिवसांत उतार पडतो. नैराश्य परतणे ही वेगळी गोष्ट आहे. ते हळूहळू, काही आठवड्यांत येते, आणि त्यात करंट किंवा घेरी नसते. माणूस पहाटे लवकर जागा होतो, जेवणावरची वासना उडते, नेहमीच्या कामांत मन लागत नाही, देवपूजा किंवा शेजारणीशी चार शब्द बोलणेही नको वाटते. आईंच्या मागच्या आजारपणाची सुरुवात कशी झाली होती हे आपल्याला ठाऊक आहे, आणि तीच चिन्हे दिसू लागली तर कोणत्याही यादीपेक्षा त्यांना अधिक महत्त्व द्यावे.

समजा, चार दिवस धडपड करूनही सर्ट्रालीन कोणत्याच कंपनीचे मिळाले नाही, तर डॉक्टर दुसऱ्या औषधावर आणण्याचा विचार करतील. हा निर्णय त्यांचाच आहे, पण त्यांच्यापुढे कोणते प्रश्न असतील ते आपल्याला माहीत असावे. सर्ट्रालीन ५० म्हणजे ढोबळमानाने एस्सिटालोप्राम १० किंवा फ्लुऑक्सेटिन २०, असे कोष्टक आम्ही वापरतो. त्या हिशेबाने आईंच्या १०० ला एस्सिटालोप्राम २० लागेल, असे कोणीही कागदावर मांडून दाखवील. परंतु ६५ वर्षांपुढील व्यक्तीला एस्सिटालोप्राम सहसा १० च्या वर देत नाहीत, कारण त्याने हृदयाच्या ठोक्यातील एक विशिष्ट अंतर लांबू शकते. त्यामुळे नुसत्या कोष्टकाने हा बदल होत नाही, गरज वाटल्यास ईसीजी काढावा लागतो. फ्लुऑक्सेटिन बहुतेक ठिकाणी मिळते आणि लांब टिकते, पण ते यकृतातील औषधे पचवणाऱ्या काही विकरांना (एन्झाइम्सना) अडवते, आणि त्यामुळे रक्तदाबावरच्या मेटोप्रोलॉलसारख्या इतर औषधांचा परिणाम वाढू शकतो. सरकारी दवाखान्यात नैराश्यावरचे अ‍ॅमिट्रिप्टिलिन सहज मिळते म्हणून कोणी ते सुचवले तर आईंच्या वयाचा विचार अवश्य करायला लावा. जुने आणि गुणकारी औषध असले तरी म्हाताऱ्या माणसाला त्याने बद्धकोष्ठ, लघवी अडणे, उठताना तोल जाणे आणि गोंधळल्यासारखे होणे असे त्रास होतात, आणि चुकून जास्त गोळ्या घेतल्या गेल्या तर ते सर्ट्रालीनपेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे आहे.

आपल्या आईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर आवर्जून घालावी. हायड्रोक्लोरोथायाझाइडने शरीरातील सोडियम कमी होऊ शकते आणि नैराश्यावरच्या या गटातील औषधांनीही तेच होऊ शकते. वयस्कर स्त्रियांमध्ये हा धोका अधिक असतो आणि औषध बदलल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो विशेष असतो. डोके जड होणे, मळमळ, पाय लटपटणे, बोलण्यात विसंगती ही त्याची लक्षणे असतात आणि घरच्यांना ती ‘औषध मानवले नाही’ किंवा ‘वय झाले’ अशी वाटतात. औषध बदलले तर एकदोन आठवड्यांनी रक्तातील सोडियम तपासून घ्यावे. ही तपासणी तालुक्याच्या बहुतेक लॅबमध्ये होते. तसेच जुने आणि नवे औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकत्र घेऊ नये, आणि त्या काळात गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल असलेली गोळी घेऊ नये. अशा औषधांचा परिणाम एकत्र होऊन थरथर, दरदरून घाम, जुलाब, ताप आणि अस्वस्थता एकदम दिसली तर सरळ रुग्णालय गाठावे.

औषध कुठे शोधावे याविषयी. कोल्हापूर शहरातील मोठ्या घाऊक दुकानांत आणि मानसोपचार दवाखान्यांना लागून असलेल्या मेडिकलमध्ये आधी चौकशी करा, कारण ज्या चौकात हे डॉक्टर बसतात तिथेच या औषधांचा साठा असतो. जनऔषधी केंद्रातही विचारा. तिथली गोळी स्वस्त आहे म्हणून कमी प्रतीची आहे असा समज मनात आणू नका. सरकारी व्यवस्थेकडे जाण्यातही संकोच नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या १८ व्या कलमानुसार, शासनाने अत्यावश्यक म्हणून अधिसूचित केलेली मानसोपचाराची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत, सर्व काळ आणि विनामूल्य मिळाली पाहिजेत. प्रत्यक्षात कपाट रिकामे असते हे मला ठाऊक आहे, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण रक्तदाबाची गोळी संपली तर आरडाओरडा होतो आणि नैराश्याची संपली तर रुग्णच गप्प राहतो. म्हणून आपण गप्प राहू नका. औषध नसल्याचे केसपेपरवर लिहून मागा आणि वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवा. मागणीची नोंदच नसेल तर पुढच्या खरेदीत त्या औषधाची आठवण कोणाला होणार?

आईंचे मन या दिवसांत फार खचले, ‘जगून काय करायचे’ असे त्या बोलू लागल्या, तर गोळीची वाट पाहू नका. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीतून बोलता येते, आणि जवळच्या रुग्णालयात त्यांना त्याच दिवशी दाखवावे. पूर्वी कधी असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला असेल तर टंचाईच्या भीतीने तीनचार महिन्यांचा साठा घरात करू नये. एरवी दोन ते तीन आठवड्यांच्या जादा गोळ्या पुरेशा आहेत, आणि त्या आईंच्या उशाशी न ठेवता सुनेच्या किंवा आपल्या ताब्यात असाव्यात. गोळी संपण्याआधी पंधरा दिवस नवी आणण्याची सवय ठेवली तर पुढच्या वेळी हातात नऊऐवजी पंधरा दिवस असतील.

औषध पुन्हा मिळू लागल्यावर काय करावे, हेही लोक हमखास विचारतात. तेच सर्ट्रालीन वेगळ्या कंपनीचे चालू केले असेल आणि आई ठीक असतील तर जुन्या ब्रँडकडे परतण्याची काहीच गरज नाही. उलट दर महिन्याला गोळीचा रंग आणि आकार बदलत राहिला तर वयस्कर माणूस गोंधळतो आणि एखादी गोळी दोनदा घेतो. औषधच बदलावे लागले असेल तर नव्या औषधाचा पुरता परिणाम कळण्यास चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा तेवढा काळ जाऊ द्यावा आणि मगच डॉक्टरांबरोबर बसून जुन्याकडे जायचे की नव्यावरच राहायचे ते ठरवावे. तोपर्यंत जुन्या उरलेल्या गोळ्या वेगळ्या डब्यात, वर तारीख लिहून बाजूला ठेवा, म्हणजे त्या नव्या गोळ्यांत मिसळणार नाहीत.